गार पाणी

महागडी इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात वाया कशी जातात, हे तपासायला तज्ज्ञांची समिती आली. नाकाने कांदे सोलणारी माणसं! त्यांना गार पाणी हवं, म्हणून अधीक्षकांनी आमच्या वॉर्डातला एकुलता एक फ्रिज रिकामा केला आणि इंजेक्शनं खिडकीत, उन्हात ठेवली. "साहेब, नासतील ती," मी म्हटलं. "सिस्टर, तासाभरात काय आभाळ कोसळतंय?" समितीने बाटल्या रिचवल्या. त्याच फ्रिजचं तापमान पाहून समाधानाने माना डोलावल्या. खिडकीकडे एकही मान वळली नाही. सात नंबरच्या पोरीची आई विचारायला आली, "इंजेक्शन आज द्याल ना?" "देणार हो, ताई. आधी पाणी प्या," म्हणत समितीच्या अध्यक्षांनी उरलेली बाटली तिला दिली. तिने ती गालाला लावली. "सिस्टर, लेकीचं औषधही असंच गार ठेवलंय ना?" मी तोंड उघडेपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "आत्ताच तपासलं आम्ही."