पोळ्याची घुंगरमाळ

"तिकीट कसं न्हाई?" धोंडीरामने दारातच पाय रोवले. "फुकट कावून दाखवता?"

"शहरातलं संग्रहालय आहे काका, गावोगाव फिरवतो आम्ही," माहिती सांगायला उभी असलेली संस्कृती नावाची मुलगी हसून म्हणाली. तिच्या हसण्याचाही त्याला संशय आला. खिशावर हात दाबून तो वडवणीतल्या शाळेच्या त्या हॉलात शिरला.

खरं तर त्याला जास्त संशय होता तो बायकोचाच. बाहेर पवनचक्कीच्या कंपनीचे अर्जुनराव जीप घेऊन थांबले होते. आज माळावरच्या जमिनीचं खरेदीखत व्हायचं होतं. वनमालाला जमीन द्यायची नव्हती. वाटेत प्रदर्शनाचा बोर्ड दिसला आणि तिला एकदम स्पेनमधल्या वस्तू बघायची हौस आली. हा वेळ काढायचा डाव आहे, हे धोंडीरामने तेव्हाच ओळखलं. सख्ख्या भावाने चहा पाजला तरी तो आधी कपात निरखून बघायचा, तिथे बायकोची काय कथा!

अर्जुनरावांची गोष्ट मात्र वेगळी. पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी जमिनीचं नावही काढलं नाही. बैलांची नावं विचारली. पोळ्याला हरण्या-गुलब्यासाठी पितळी घुंगरमाळा आणल्या आणि स्वतःच्या हाताने गळ्यात बांधल्या. धोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोटच्या पोरालाही हे कधी सुचलं नव्हतं.

हॉलात पाचशे वर्षांपूर्वी स्पेनहून समुद्रापार निघालेल्या दर्यावर्दींच्या वस्तू मांडल्या होत्या. धोंडीरामने लाकडी जहाज वाकून खालून पाहिलं. चिलखत त्याला पत्र्याचं वाटलं. तसबिरीतल्या राजाची नजर तर बिलकूल बरी वाटली नाही.

"बघितलं न्हवं? चल आता," तो म्हणाला.

वनमाला शेवटच्या काचेपाशी थबकली होती. "अवं, ही तर आपल्या बैलांसारखीच घुंगरं हायती."

आत पितळेची काळवंडलेली घुंगरं होती. धोंडीराम जवळ गेला.

"ही दर्यावर्दींनी बेटांवरच्या लोकांना भेट दिली," संस्कृती म्हणाली. "त्यांना इतकी आवडली, की होड्या वल्हवत यायचे घ्यायला."

"फुकट दिली?"

"हो, फुकट."

"मंग त्या लोकांची जमीन?"

"ती पुढे त्यांची राहिली नाही, काका."

धोंडीराम काचेसमोर उभाच राहिला. त्याचं तोंड उतरलं. अख्ख्या दुनियेवर संशय घेतला आणि नेमका एका माणसावर घ्यायचा राहून गेला. बायकोकडे बघायची त्याला लाज वाटली.

बाहेर अर्जुनरावांनी जीपचं दार उघडून धरलं. "या तात्या. कचेरीत साहेब वाट बघत बसलेत."

"गाडी घराकडं घ्या."

"कावून? कागद राहिला का काय घरी?"

"न्हाई," धोंडीराम म्हणाला. "बैलांच्या गळ्यातलं तुमचं तुमाला देऊन टाकतो."