परत करायची पुस्तिका

“प्रत्येक ओळीतले वेगळे चित्र शोधा आणि त्यावर फुली करा. पुस्तिका शेवटी परत द्यायची आहे.” बुद्धिचाचणी घ्यायला आलेल्या डॉ. पद्माकर देवस्थळींनी सूचनापत्र मिटले, हातातले घड्याळ दाबले, आणि सातवीच्या मराठी तुकडीतली मुले बाकांवर ओणवली.

“नवी कोरी आहे रे!” रघुजी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. “दुमडू नको. अक्का कान पिळेल.”

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या अक्कांना, म्हणजे वर्गशिक्षिका वसुमतीबाईंना, तेवढ्यातही हसू आले. पुण्यात ठरलेल्या सरासरीच्या खाली जी तुकडी जाईल ती या वर्षी, एकसष्ट सालीच, बंद व्हायची होती, आणि तिच्यातल्या मुलांची रवानगी हायस्कूलऐवजी हस्तव्यवसाय शाळेत. कानडी मुलखात, चिकपेटेत राहणाऱ्या शिंप्यांच्या मुलांना सुई धरायला शिकवण्यासाठी सरकारने शाळा काढावी, यातला विनोद शिक्षणखात्यात कुणाच्याही ध्यानात आला नव्हता.

चाचणी मात्र निर्दोष होती. सूचना छापल्याबरहुकूम वाचायच्या, एकदाच. वर्गशिक्षिकेने तोंड उघडले तर तुकडी बाद. बुद्धीचे मोजमाप करताना मध्ये कुणी बोललेले शास्त्राला खपत नसे.

वसुमतीबाई बाकांमधून पावले न वाजवता पुढे सरकल्या. रघुजीचे पान कोरे होते. त्याच्या शेजाऱ्याचेही. पुढच्या बाकावर तेच. इतके सोपे प्रश्न, आणि एकालाही येऊ नये?

पहिल्या बाकावर मथुरा होती, गल्लीच्या टोकाच्या शिंप्याची मुलगी. तिच्यासमोर घागर, तांब्या, कळशी, बादली आणि कात्री अशी चित्रे होती. मथुराने क्षणभर पाहिले आणि कात्रीवर नेटकी फुली केली. पेन्सिल उलटी धरून, टोक वर करून. मग ती पुढच्या ओळीकडे वळली. तिथेही तिने बरोबर चित्र शोधले, आणि कागदावर काहीही उमटू दिले नाही.

बाईंना भिंतीचा आधार हवासा वाटला, पण भिंत मागे राहिली होती.

या शाळेत पुस्तके विकत घ्यायची नसत. वरच्या वर्गाने एप्रिलमध्ये परत केलेली पुस्तके जूनमध्ये खालच्या वर्गाच्या हाती पडत, आणि मधल्या काळात वसुमतीबाई त्यांचे पान न् पान खिडकीच्या उजेडात धरून पाहत. छापील पानाला पेन्सिल लागलेली त्यांना चालत नसे. त्यांनी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपैकी ही एकच गोष्ट यच्चयावत मुलांनी पूर्णपणे आत्मसात केली होती. ज्यांची पुस्तके घरची असतात ती मुले इतिहासातल्या राजांना मिशा काढतात. ती मुले आज बुद्धिमान ठरणार होती.

त्या टेबलाजवळ गेल्या आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, “साहेब, एकच वाक्य बोलू का त्यांच्याशी?”

“बाई, प्लीज.” डॉक्टरांची नजर घड्याळावरच होती. “एक शब्दही नाही. नॉर्म्स बिघडतात.”

“ती परत करायच्या पुस्तकात लिहीत नाहीत हो. उत्तरं येताहेत त्यांना. लिहू नका म्हणून मीच सांगितलेलं आहे.”

“मग तेही रिझल्टमध्ये दिसेलच की.” डॉक्टर सौजन्याने हसले. “टेस्ट खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात.”

टेबलावर एक जादा पुस्तिका पडली होती. वसुमतीबाईंनी ती उचलली, डॉक्टरांची पेन्सिल घेतली आणि वर्गाकडे तोंड करून पहिल्याच पानावर, पानभर, दाबून फुली मारली. मग पुस्तिका सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

“अहो, हे काय चाललंय?” डॉक्टर म्हणाले.

“मी कुठं काय बोलले?”

“अय्यो,” रघुजीच्या तोंडून निघाले. मुले एकदा फुलीकडे आणि एकदा बाईंकडे पाहत राहिली, कुणी वडीलधारे माणूस भर रस्त्यात कोसळावे तशी. बाईंनी पुस्तिका आणखी वर केली. घड्याळ टिकटिकत होते. एकही पेन्सिल सुलटी झाली नाही.

मग मथुरा उठली. तिने कंपास चाचपली, टेबलापाशी आली आणि बाईंच्या हातातून पुस्तिका अलगद सोडवून घेतली. ती टेबलावर सपाट ठेवून तिने खोडरबराने फुली पुसायला सुरुवात केली. आधी एक रेघ, मग दुसरी, कागद खरडू न देता. चुरा फुंकला. पानावरून तळवा फिरवला. पुस्तिका दोन्ही हातांनी बाईंना परत दिली.

“स्वल्पच लागलं होतं, अक्का,” ती कुजबुजली. “सरी, नीट झालं बघा. आता कुणाला कळायचं नाही.”