आठातलं एक टॅपेट

फिटरने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इंजिन चालू होतं. आवाज मात्र काडीचा नव्हता.

"बघ," तो मागे वळून बायकोला म्हणाला, "लोण्यासारखं चाललंय. आणि आपल्या चिरंजीवांना म्हणे खडखडाट ऐकू येतो."

बायको गाडीत मागच्या ओट्याखाली डबे रचत होती.

दोघं उद्या गाडी घेऊन मुलीकडे जाणार होते, पण चिरंजीवांनी फर्मान काढलं होतं. चार वाजता माझा मेकॅनिक येईल. तो हो म्हणाला तर उद्या खुशाल ताईकडे जा. नाही म्हणाला तर गाडी विकायची. एक हॉटेलवाला ती बागेत शोभेला उभी करायला तयार होता. गाडी म्हणजे पस्तीस वर्षांचं फिरतं घर. मागे दोन बाकं, ओटा, पाण्याची टाकी. पुढे दोन सीट आणि त्यांच्या मधोमध इंजिन, त्यामुळे चालवणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्याला सारखीच धग लागायची. या इंजिनाला फिटरने कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. आज तो लागणार, तोही परीक्षा घ्यायला, याचा त्याला मनस्वी राग आला होता.

सवयीने त्याने इंजिनाच्या माथ्यावर तळहात ठेवला. हाताला काहीतरी लागत होतं. टक, टक, टक. त्याने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला लावला. हाताला कळत होतं ते एकाही कानाला कळत नव्हतं.

तो सीटवर बसला. गेली दोन-तीन वर्षं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, की इंजिन वयाबरोबर मवाळ होत चाललंय. लोक तोंडावर हसले नाहीत, ही त्यांची माणुसकी. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा, ढिलं होऊन वाजत होतं, एवढं नक्की. पण आठांपैकी कुठलं, ते हाताला कळेना, कारण सगळं इंजिनच थरथरत होतं. टॅपेटची फट मोजायची एक पातळ पत्ती मिळते. ती फटीत घालायची, स्क्रू आवळायचा, की झालं. पण फिटरने पत्ती कधी बाळगलीच नाही. पत्ती कच्च्या माणसाला लागते, असं तो जाता-येता ऐकवायचा. पक्का माणूस चालू इंजिनावर कानाने लावतो. ढिलं राहिलं तर वाजतं, फार आवळलं तर आवाज जातो पण व्हॉल्व्ह जळतो. मधली जागा केसाएवढी असते आणि ती ऐकावी लागते.

तीन वाजून गेले होते. त्याने टोपण उघडलं. आठही दांडे तेलात नाचत होते आणि तो नुसता बघत राहिला.

बायको पुढे आली. तिने त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पस्तीस वर्षं याच्या शेजारी बसलेय मी," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. "तुम्हाला रस्ता तरी होता बघायला."

तिने मूठ कानाला लावली आणि एकेक टॅपेट ऐकत गेली. सहाव्यापाशी थांबली. मागे जाऊन पाचवं ऐकलं, परत सहाव्यावर आली.

"हे."

फिटरने पान्याने नट सैल केला आणि स्क्रू पिळला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती.

"गेला आवाज," ती म्हणाली. "पण फारच गेला. मागे घ्या."

त्याने घेतला.

"अजून किंचित. हं. बास. नवीन होती तेव्हा एवढाच असायचा."

त्याने नट आवळला. मग टोपण लावून टाकलं.

चारला मेकॅनिक आला. त्याने इंजिन चालू केलं, मान तिरकी करून ऐकलं, खिशातून पत्ती काढली आणि थोड्या वेळाने तशीच परत ठेवली.

"काका, टॅपेट कोणी लावली?" त्याने इंजिनावर वाकूनच विचारलं.

फिटरला नुसती त्याची पाठ दिसत होती.

"यांनीच," बायको म्हणाली. "चालू इंजिनावर."

"पत्ती न लावता?"

"पत्ती कच्च्या माणसाला," बायकोनेच सांगितलं.

मेकॅनिकने चिरंजीवांना फोन लावला आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. जाताना त्याने फिटरला वाकून नमस्कार केला. फिटरला तो घेववेना.

मेकॅनिक गेल्यावर फिटर बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला.

"उद्या मागून हॉर्न वाजला तर?"

"मी गुडघ्यावर थाप मारीन. आणि तिथे पोचल्यावर कानाचा डॉक्टर. ताईने नंबर लावलाय."

म्हणजे मुलीलाही माहीत होतं. त्याने चिंधी खाली ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी उठून माझ्या घोरण्याच्या नावाने शंख करायचात. दोन वर्षांपूर्वी ते बंदच झालं."

"तेव्हाच कळलं?"

"तेव्हा कुठलं," बायको म्हणाली. "वर्षभर मी समजत होते, माझं घोरणंच थांबलंय."