न सुकणारी बाग

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तशी खुशालराव पाटलानं घरामागची फुलबाग नांगरून तिथं सरकी पेरली. जयवंता माळणीच्या सासऱ्यानं लावलेली डाळिंबंही मुळासकट उपटली गेली. तेव्हा तिच्या तोंडात शिवी आली होती. ती तिनं गिळली.

कापूस विकला गेला आणि पाटलाच्या बैठकीत इराणी गालिचा आला. आज अमरावतीहून कापसाचा गोरा व्यापारी यायचा होता. पाटलानं जयवंताला बोलावून आधी गालिचा दाखवला.

“पाह्य, ही बाग हाये. मधात पान्याचा पाट, चार वाफे. हा सरू, म्हंजे कधी न मरनारं झाड. हे डाळिंबाचं फूल, म्हंजे घरात लेकरंबाळं. इरानी लोक याले स्वर्ग म्हनतात. याले ना पानी लागत, ना माळी.”

जयवंता त्या फुलाकडं बघत राहिली.

“आता सायबासाठी हार कर.”

“फुलं कुठून आनू जी?”

“मले काय इचारून राहिली? माळीन तू हायेस. या घरच्या बागेतली फुलं तुमीच तोडत आले.”

“हे खरं हाये जी,” ती म्हणाली. कमरेचा विळा काढून ती गालिच्यावर बसली आणि डाळिंबाचं पहिलं फूल तिनं चरचर कापून काढलं. मग दुसऱ्याला हात घातला.

“हार केवढा पाह्यजे, पाटील?”