फरशी बंद केली तेव्हा

ऋजुताने भिंतीवरचं बटण दाबलं आणि घरातली फरशी कडक झाली. तिच्या लेकीचा, अबोलीचा, पहिला वाढदिवस कधीच होऊन गेला होता, पण ती अजून आधार सोडून चालत नव्हती. तोल गेला की फरशीच अलगद वर येऊन तिला झेलायची, मग पाय रोवायचे कशाला? शेवटी डॉक्टरच म्हणाले, "फरशी बंद करा. पडू दे तिला एकदा."

"नाना, मला भीती वाटतेय," ऋजुता सासऱ्यांना म्हणाली.

"तू स्वतः कधी पडलीयेस का गं?"

"नाही. माझ्या जन्माआधीच आमच्याकडे झेलणारी फरशी आली होती."

"आणि आमचे गुडघे! बारा महिने फुटलेले."

तेवढ्यात अबोलीने सोफा सोडला आणि धप्पकन खाली पडली. तिने भोकाड पसरलं. ऋजुता फरशीचं विसरून सुसाट धावली, अडखळली आणि गुडघ्यावर आपटली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकं दुखतं?

नानांनी फरशीवर चापट मारली. "अरेरे, अबोली, मुंगी मेली की गं! आणि बघ, आईनेपण एक मारली!"

अबोलीचं रडं थांबलं. आईची मुंगी बघायला ती उठली आणि डुलत डुलत, कशालाही न धरता, ऋजुताच्या गुडघ्यापाशी चालत आली.

ऋजुताने तिला घट्ट जवळ घेतलं. नाना तर फरशीवर ओणवे होऊन मुंगी शोधत होते. मग ऋजुताही त्यांच्या शेजारी वाकली आणि शोधू लागली.