पाळण्यातला पट्टा

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमचे हात अंगाशी सरळ धरलेत आणि मानेपासून टाचांपर्यंत कापडी पट्टा करकचून गुंडाळलाय. नाक खाजलं तरी तसंच पडून राहायचं. आल्बेनियातल्या एका डोंगरगावात वाल्बोनाची तान्ही लेक एरा पाळण्यात अशीच पडून असे. बाळंतिणीने चाळीस दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून वाल्बोनाही तिच्याशेजारी कोंडलेली होती, आणि त्या पट्ट्याला हात लावायची तिला मुभा नव्हती.

त्या सकाळी बाळाचं वागणं तपासायला लिरिये नर्स घरी आली आणि तिने पट्टा सोडायला लावला. एरा हातपाय झाडत रडू लागली.

"बघ, तिलाच नकोय मोकळं," सासू हातिजे म्हणाली. "माझी सगळी पोरं बांधूनच वाढली. एकाचा तरी पाय वाकडा आहे का?"

"थांबा जरा, आजी. तिची ती शांत होते का, ते मला बघायचंय," नर्स म्हणाली. "झाली, तर पट्टा नको. नाहीच झाली, तर बांधा खुशाल."

वाल्बोना पाळण्याकडे बघत राहिली. रडणं वाढतच गेलं.

"झाली ना तुझी तपासणी?" असं म्हणत सासूने पट्टा घ्यायला बाळावरून हात पुढे केला.

 

एराने तिचं बोट मुठीत घट्ट धरलं आणि रडायची थांबली, सासूने ते एकदा हलकेच ओढून पाहिलं, मग पाळण्याला टेकून बसत ती सुनेला म्हणाली, "माझी कॉफी इकडेच आण गं, मला आता उठता यायचं नाही."