हरकत

लेकीच्या पहिल्या रेकॉर्डिंगला बाबा काचेमागे छाती फुगवून बसले होते. उभा जन्म ते स्वतः गात आले होते. आता पोरगी नाव काढणार, हे त्यांनी येताना टॅक्सीवाल्यालाही ऐकवलं होतं.

तिसऱ्या ओळीला मात्र त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. शब्द संपता संपता सूर जरासा खाली सोडायचा आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा अलगद उचलायचा, ही हरकत तर त्या बुटक्याची! दोघे एकाच गुरूकडे शिकले, आणि नाव झालं ते बुटक्याचं. तेव्हापासून रेडिओवर त्याचा आवाज लागला की बाबा तिथल्या तिथे रेडिओचा कान पिळून तो बंद करत. घरात त्याचं एकही गाणं कधी पुरं वाजलं नव्हतं.

गाणं संपलं. "अगदी वडिलांवर गेलीय हो!" रेकॉर्डिस्ट कौतुकानं म्हणाला. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक बाहेर येताच त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"कधीपासून जातेस त्याच्याकडे?"

"कुणाकडे?"

"त्या बुटक्याकडे! ती हरकत आपल्या घरातली नाही."

"बाबा, मी त्यांना आयुष्यात कधी भेटलेसुद्धा नाही."

"मग शिकलीस कुणाकडून?"



"तुमच्याकडून. दाढी करताना तुम्ही रोज तेच तर गुणगुणता."